काचेतली रेघ

४ फेब्रुवारी

ताई,

फोन न करता पत्र लिहिते आहे, याचे कारण तुला ठाऊक आहे. घरच्या नंबरावरून आलेला फोन तू उचलत नाहीस. उचललासच तर नुसते "हं" म्हणतेस, माझे पुढचे वाक्य घशातच राहते आणि आपण दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. पत्र उचलावे लागत नाही. ते दारात येऊन पडते.

घरी सर्व ठीक आहे, असे लिहिणार होते. ठीक नाही.

बटाट्याच्या शीतगृहातला मोठा कॉम्प्रेसर मागच्या आठवड्यात मोडला. तू आणि बाबांनी मिळून बसवलेला तोच. आतले व्हॉल्व्ह फुटले, एक कनेक्टिंग रॉड वाकला. उघडून पाहिल्यावर कळले, की यंत्रात तेल प्रमाणाबाहेर झाले होते. पिस्टनने गॅस दाबायचा असतो. त्याच्यापुढे तेल आले, आणि तेल दाबले जात नाही. मग जे मोडण्यासारखे असते ते मोडते.

आता बाबांविषयी. ज्या दिवशी बाबा आणि मी यंत्राच्या तपासणीला गेलो होतो, त्या सकाळी बाबांनी यंत्राच्या पोटाशी असलेल्या गोल काचेजवळ वाकून तेल पाहिले होते आणि सगळ्यांसमोर सांगितले होते, "रेघ अर्ध्यावर आहे. राहू दे." यंत्र मोडल्यावर शीतगृहाच्या मालकांनी त्यांना तेच वाक्य परत ऐकवले. काच काठोकाठ भरली, की तेलाची रेघ दिसत नाही. काच रिकामी असली तरी दिसत नाही. मालकांचे म्हणणे असे, की काच त्या दिवशीही भरलेलीच असणार आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला जिथे रेघ नाही तिथेही ती दिसली असणार. आवाज न चढवता ते म्हणाले, "काका, तुम्ही आता बसून घ्या."

बाबांनी वाद घातला नाही. हे तुला खरे वाटणार नाही, म्हणून पुन्हा लिहिते: वाद घातला नाही.

महिनाअखेरीस त्यांच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले होते. आईने कितीतरी दिवस मागे लागून दवाखान्याची तारीख मिळवली होती. आता ते म्हणतात, रद्द करा. हे मोडलेले यंत्र तेवढे उभे करून द्यायचे आणि काम कायमचे सोडायचे, असे त्यांनी ठरवले आहे. आईने विचारले, काम नाही केले तरी डोळे नकोत का? तर म्हणाले, "आता बघण्यासारखं काय राहिलंय?"

तू एकदा त्यांच्याशी बोलशील का? ते तुझे ऐकतील असे नाही, पण तुझ्याशी भांडतील. सध्या ते कोणाशीच भांडत नाहीत.

तुझी,
धाकटी


१३ फेब्रुवारी

ताई,

एवढ्या लांब पत्राला तू तीन शब्दांचा मेसेज पाठवलास: "तेल भरलं कोणी?"

मी दोन दिवस त्याच्याकडे पाहत होते. मागच्या पत्रात मी "तेल प्रमाणाबाहेर झाले होते" असे लिहिले आणि वाक्य चांगले झाले म्हणून स्वतःवर खूशही झाले. शाळेत मला भाषेत पहिला क्रमांक मिळे. कोणी काय केले हे न सांगता जे झाले ते सांगणे, ही विद्या मी तिथूनच आणली असावी.

तेल मी भरले.

सविस्तर लिहिते, म्हणजे तुला पुन्हा विचारावे लागणार नाही. त्या दिवशी शीतगृहाच्या दोन खोल्यांपैकी एकच चालू होती. दुसरीत माल नव्हता. यंत्र निम्म्या भारावर चालले होते. अशा वेळी काय होते ते तुला मी सांगावे असे नाही, पण मला माहीत होते हे तुला कळावे म्हणून सांगते. कॉम्प्रेसरमधले थोडे तेल नेहमीच गॅसबरोबर बाहेर जाते, सगळ्या नळ्यांमधून फिरते आणि परत येते. यंत्र मंद चालले, की गॅसला ते ओढून आणण्याचा जोर राहत नाही, आणि तेल लांबच्या नळ्यांत पडून राहते. काचेतली रेघ उतरते. तेल संपलेले नसते, फक्त घरी नसते. यंत्र थोडा वेळ पूर्ण भाराने चालवले, की ते येते. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी हा प्रश्न मी आकृतीसह सोडवला होता.

बाबा मागच्या खोलीच्या दाराचे रबर पाहायला गेले होते. मी यंत्रापाशी एकटी होते आणि रेघ माझ्या डोळ्यांदेखत खाली सरकत होती. इतक्यात ऑपरेटर आला, आपला भोंगा. इतकी वर्षे यंत्राच्या आवाजावर आवाज काढून त्याला हळू बोलताच येत नाही. दारात हमाल नुकतेच पाठ टेकून बसले होते. भोंगा त्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "ताई, काच रिकामी व्हायला लागली. भरा की."

मला म्हणायचे होते: थांबा, दुसरी खोली उघडा, यंत्राला पूर्ण भार द्या, रेघ वर येईल. परंतु दुसऱ्या खोलीच्या दारासमोर पोत्यांची थप्पी होती. ती हलवायची म्हणजे आत्ताच बसलेल्या माणसांना उठवायचे. मी "थांबा" म्हणाले. खरेच म्हणाले, ताई. फक्त ते मलाच ऐकू आले.

भोंग्याने कानामागे हात धरला. "काय?"

मी पुन्हा तोंड उघडले. तेवढ्यात एक हमाल म्हणाला, "बाई परीक्षेला बसल्यात वाटतं. उत्तर आठवेना." सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हते; आपणही अशा वेळी हसलो असतो. पण ते हसू थांबावे म्हणून मी हातपंप उचलला आणि तेल भरले. एक कॅन झाल्यावर भोंगा म्हणाला, अजून थोडं. मी अजून थोडे भरले.

बाबा हात पुसत आले. त्यांनी काचेपाशी वाकून पाहिले नाही, कारण मी तिथे होते. नुसते विचारले, "कसंय?" मी म्हणाले, "ठीक आहे." काचेत तेव्हा रेघ अगदी मधोमध होती.

दोन दिवसांनी माल आला, दोन्ही खोल्या उघडल्या, यंत्र पूर्ण जोराने चालू लागले. नळ्यांत पडून राहिलेले तेल परत आले आणि त्याची जागा मी भरून ठेवलेली होती.

त्यानंतर भोंगा मला फाटकाशी भेटला. त्याने सुचवले, की मी काही बोलू नये, तोही बोलणार नाही; काकांचे डोळे नाहीतरी गेलेलेच आहेत, अजून किती वर्षे करणार होते ते काम? त्याला नोकरीची भीती होती. मला कसली होती, हे मी अजून शोधते आहे. मी होही म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. माझ्या गप्प राहण्याला लोक लहानपणापासून गुणी म्हणत आले आहेत.

त्या संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "धाकटीला बघू दिलं असतं तर ही वेळ आली नसती. तिची नजर स्वच्छ. मलाच हौस." मी ताटे मांडत होते. मांडत राहिले.

आणखी एक सांगायचे आहे. ते सांगितल्यावाचून हे पत्र पुरे होत नाही. रविवारी बाबांनी पान्यांची पेटी काढली. या एका कामाला लागतील तेवढे पाने बाजूला ठेवले आणि बाकीचे एकेक करून तेलाच्या बोळ्याने पुसले. आईने जुनी चादर फाडून पट्ट्या करून दिल्या होत्या. त्यांत ते पाने गुंडाळून ठेवू लागले. पान्यावरचा आकडा त्यांना वाचता येत नाही, ते अंगठ्याने चाचपून सांगत, "हा बाविसाचा ना?" आणि मी म्हणे, "हो बाबा." एकदाही ते चुकले नाहीत. त्यांचा अंगठा इतका नेमका, तर त्यांनी आपल्या डोळ्यावरचा विश्वास इतक्या सहज कसा सोडला? कारण समोर मी बसले होते, आणि माझी नजर स्वच्छ होती.

चादरीची पट्टी ताणून धरायला कोणीतरी लागते. ती मी धरली होती.

ताई, तू त्यांना सांगशील का? तुझ्या तोंडून गेले तर त्यांना राग येईल, आणि राग आला तर ते उठून उभे तरी राहतील.

धाकटी


२२ फेब्रुवारी

ताई,

तुझे पत्र आले. तुझ्या हातचे पत्र मला आयुष्यात प्रथमच आले. अक्षर तसेच आहे. ओळी उतारावरून घसरल्यासारख्या. मी ते इतक्या वेळा वाचले, की आता न पाहता म्हणता येते:

"माझ्यापाशी कबूल करून काय उपयोग? यंत्र तिकडे, बाप तिकडे. दूध केंद्रावरची मोटर जळली तेव्हा मी चारदा म्हणाले, बाबा, मी हात लावलेला नाही. त्यांनी लोकांसमोर 'हिनेच काहीतरी केलं असणार' म्हटलं ते म्हटलंच. तू तेव्हा कॉलेजात होतीस, तुझा त्यात काही संबंध नाही. 'मी नाही' असं ओरडून सांगितलं तरी त्यांना ऐकू येत नाही. 'मीच' असं हळू सांगितलेलं येतं का, मला ठाऊक नाही. सांगून बघ. मी तुझा निरोप पोचवणार नाही."

तू बरोबर आहेस. मी तुला दार ठोठावायला पुढे करत होते आणि स्वतः जिन्यात उभी राहणार होते.

त्यानंतर मी प्रयत्न केला. एकदा बाबा अंगणात बेअरिंग धूत होते, तेव्हा शेजारी जाऊन बसले आणि रॉकेल महाग झाले आहे, असे म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांना चहा दिला आणि कप परत घेईपर्यंत उभी राहिले. त्यांनी विचारले, "काय गं?" मी म्हणाले, "साखर पुरे आहे ना?" आई आतून म्हणाली, या घरात पोरीपेक्षा पाली जास्त बोलतात.

मग पत्र लिहावे असे वाटले. लिहिलेही, चांगले चार पानी झाले. आणि लक्षात आले, की बाबांना आता वाचता येत नाही. ते म्हणणार, "धाकटे, कोणाचं पत्र आहे बघ, वाच जरा." हे सुचल्यावर मी एकटीच हसले, आणि हसल्याची इतकी लाज वाटली की पाने फाडून टाकली.

दवाखान्यातून फोन आला होता. तारीख पक्की करायची का, असे विचारत होते. बाबांनी लांबूनच हात हलवून नको म्हटले. आईने काहीतरी सबब सांगून तारीख मार्चच्या नऊवर ढकलून घेतली. त्यापुढे ढकलता येणार नाही, असे दवाखान्याने बजावले आहे.

नवा रॉड आला. बाबा रोज शीतगृहात जातात, मी हाताखाली असते. ते डोळे मिटून काम करतात. पिनेवर रॉड बसवताना बोटाने तेल लावतात, दोनदा फिरवतात, कान जवळ नेतात आणि मला म्हणतात, "तू एकदा बघून घे. माझं काही सांगता येत नाही."

माझं काही सांगता येत नाही. हे बाबा म्हणतात, ताई.

धाकटी


५ मार्च

ताई,

यंत्र परवा सुरू झाले. जसे घडले तसे लिहिते. शोभेचे काही घालणार नाही.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा तेल गरम होते. तळाचा हीटर बाबांनी आदल्या दिवशीच लावून ठेवला होता, कारण थंड तेलात गॅस मुरून बसतो आणि सुरू करताना उसळतो. मालक आले होते. हमालही जमले होते, कारण खोल्यांतला बटाटा भाड्याच्या छोट्या यंत्रावर जेमतेम तग धरून होता आणि दोन्ही दारे उघडायला माणसे लागणार होती. बाबा एका पालथ्या क्रेटवर बसले. त्यांनी तळहात कॉम्प्रेसरच्या अंगावर ठेवला आणि म्हणाले, "लाव."

भोंग्याने बटण दाबले. काचेत एकदम फेस आला, आणि फेसाखाली रेघ उतरू लागली. हे होणारच होते. हीटर लावला तरी थोडे होतेच. भोंग्याचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्याने कॅन उचलला. "उतरली! ताई, पंप घ्या. भरा, भरा लवकर."

मी "थांबा" म्हणाले. मोटरच्या आवाजात ते पुन्हा कोणाला ऐकू गेले नाही. भोंग्याने पंपाची नळी माझ्या हातात दिली. मागच्या वेळी ती हातात आल्यावर मला सुटल्यासारखे वाटले होते. या वेळी ती मी खाली टाकली. ती लादीवर आपटली, आणि तिच्या आवाजाने सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"कॅन खाली ठेवा," मी म्हणाले. माझा आवाज चिरका आणि कुरूप निघाला. मला तो ओळखूच आला नाही. "भरायचं नाही. तेल नळ्यांत गेलंय, परत येईल. दोन्ही खोल्या उघड्या आहेत ना? मग थांबायचं."

मालकांनी विचारले, पण खात्री आहे का? मागच्या वेळी...

"मागच्या वेळी मी भरलं होतं," मी म्हणाले. "बाबा तिथं नव्हते. रेघ उतरली होती, थांबायला पाहिजे होतं, ते मला ठाऊक होतं, आणि तरी मी भरलं. बाबांनी विचारलं तेव्हा ठीक आहे म्हणाले."

बाबांनी यंत्रावरचा हात काढला नाही. तोंड तेवढे माझ्या दिशेने वळवले; नेमके माझ्याकडे नाही, जरा बाजूला. त्यांनी विचारले, "त्या दिवशी सकाळी रेघ कुठं होती?"

"अर्ध्यावर, बाबा. तुम्ही पाहिली ती बरोबर होती."

भोंग्याने कॅन खाली ठेवला. मग भोंगा म्हणाला, "भरा असं मी म्हणालो होतो." इतक्या वर्षांत त्याचा हळू आवाज आम्ही प्रथमच ऐकला. यंत्र चालू असूनही प्रत्येक शब्द ऐकू आला. मालकांनी त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि बाबांच्या क्रेटशेजारी जाऊन उभे राहिले. शेवटी त्यांनी बाबांना चहा मागवू का, असे विचारले. बाबा म्हणाले, "रेघ येऊ दे आधी."

आम्ही सगळे त्या एवढ्याशा काचेकडे पाहत उभे राहिलो. फेस हळूहळू बसला. काच काही वेळ रिकामी दिसली, आणि त्या वेळात मला वाटले, की मी पुन्हा चुकले. मग तळाशी काहीतरी हलले. रेघ दिसली. वर सरकत सरकत मधोमध येऊन थांबली. बाबांनी विचारले, "कुठं आली?" प्रश्न भोंग्याला होता, मला नव्हता. तो म्हणाला, "अर्ध्यावर, काका."

परत येताना बाबांनी नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. भिंतीला हात लावत चालले. दारात चपला काढताना म्हणाले, "पाने गुंडाळताना कापड तू धरलं होतंस."

मी म्हणाले, "हो."

तेल भरल्याबद्दल ते काही बोललेच नाहीत. नंतरही नाही. ती चूक त्यांनी कारागिराची चूक म्हणून कधीच पचवली असावी. न पचलेली गोष्ट ती कापडाची आहे. आईला मी सगळे सांगितले. ती म्हणाली, "बोलायला शिकलीस ते बरं झालं, पण वेळ भलतीच काढलीस." माझ्याशी बाबा कामापुरते बोलतात. हे असेच राहिले पाहिजे, निदान काही दिवस. मला त्याची तक्रार नाही.

आज सकाळी त्यांनी ते गाठोडे सोडले. पट्ट्या उलगडून पाने परत पेटीत लावले. मी उंबऱ्याशी उभी होते. कोणताही आकडा त्यांनी मला विचारला नाही. सगळे लावून झाल्यावर, पेटीकडेच तोंड ठेवून म्हणाले, "थोरलीला पत्र लिहितेस ना तू?"

ते त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हते. मी हो म्हणाले.

"दूध केंद्रावर ती चार वेळा म्हणाली होती, हात लावला नाही म्हणून." पेटीचे झाकण लावत म्हणाले, "एवढे दिवस मी कोणाला एकदाही म्हटलं नाही, की चूक माझी नाही. ती पोरगी चार वेळा म्हणाली."

मी विचारले, हे तिला कळवू का? ते म्हणाले, नको, त्यात माझी रड येते. मग बराच वेळ बोळ्याने हात पुसत राहिले. पुसण्यासारखे काही उरले नव्हते तरी पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "एकच वाक्य लिही. मी सांगतो तसंच. तुझं छापील करू नकोस."

डोळ्याचे ऑपरेशन सोमवारी, नऊ तारखेला आहे. ते जाणार आहेत. पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी सोडतात. हे माझे लिहिणे झाले.

त्यांचे वाक्य असे आहे:

"मला चारही वेळा ऐकू आलं होतं."

धाकटी